पहिला पाय

"कडेनं चाल. भिंतीला धरून," अम्मा म्हणाली. "आणि सलवार वर घे. ओली आहे ती."

"थेंबभर पाण्यानं काय होतंय?"

"पाण्यानं काही होत नाही. पाण्यावर माती बसते, तिनं होतं."

मी भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी आडवी आडवी सरकत माजघरात गेले. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पसरला होता. गर्द हिरवा, कडेनं लाल वेल, मधोमध परातीएवढं बदामी फूल. आल्यापासून तो माळ्यावरच होता. जुन्या साडीत गुंडाळलेला, पोटात डांबरगोळ्या, वरून दोरी. आज पहिल्यांदा तो जमिनीला टेकला होता आणि घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटला होता.

माझ्या भावानं, अश्फाकभाईनं, तो मस्कतहून पाठवलेला. आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा घरटी एक पुरुष आखातात होता आणि घरटी एक गालिचा. पण माती आमची तांबडी. कपड्याला लागली तर कपडा फाटेल, डाग जाणार नाही. पावसात ती पायाला अशी धरते की माणूस अंगण ओलांडून येतो तेव्हा अर्धं अंगण त्याच्याबरोबर येतं. शेजारच्या जैनबखालाचा गालिचा एका पावसात ओळखू येईनासा झाला, घरापुढच्या खळ्यासारखा तांबडा. अम्मा म्हणायची, "जैनबनं मस्कतहून खळं मागवलंय." जैनबखाला तिथल्या तिथे परतवायची, "आमच्या गालिच्यावर माणसं बसतात गो. तुझ्याच्यावर डांबरगोळ्या बसतात."

अम्माला बोलणं लागायचं नाही. तिचा हट्ट एकच होता. अश्फाकभाई कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवायचा. एका कॅसेटमध्ये तो म्हणाला, "अम्मा, गालिचा माळ्यावर टाकला नाहीस ना? अंथर, लोळ त्याच्यावर. तुझे गुडघे दुखतात जमिनीवर." अम्मानं टेप थांबवली आणि त्या यंत्रालाच उत्तर दिलं, "तू ये, मग अंथरते. पहिला पाय तुझा. मग दुसऱ्या कोणाचा."

आणि आता तो येत होता. बाबा त्याला आणायला आदल्या दिवशी मुंबईला गेले होते.

"सुट्टी तर ईदला होती ना? मधेच कसा निघाला?" अम्मानं विचारलं होतं.

"मिळाली," बाबा म्हणाले.

"मोठी गाडी करा हां. सामान असेल. टीव्ही आणतो म्हणाला होता."

"मोठीच केलीय."

"आणि त्याला पुढं बसवा. मागं बसला की उलट्या होतात त्याला घाटात. लहानपणापासनं."

 बाबा चपला शोधायला लागले. कोपऱ्यात, पाटाखाली, दाराआड. चपला त्यांच्या पायातच होत्या. अम्मा हसली. "पोरगा येतोय तर पाय जमिनीवर नाहीत तुमचे."

त्या सकाळी पाऊस थांबत नव्हता. अम्मानं दारात सगळी फौज उभी केली होती. खळ्यातून पायरीपर्यंत फळ्या. पायरीशी पाण्याची बादली आणि तांब्या. तळवे घासायला खरखरीत जांभ्या दगडाचा तुकडा. मग दुमडलेलं गोणपाट, आणि उंबऱ्यात बाबांच्या जुन्या लुंगीचं फडकं. एवढं करून आत येणाऱ्यानंही गालिच्यावर जायचं नाही. भिंतीला धरून मागे जायचं किंवा पडवीतच टेकायचं. सकाळी दूध घेऊन आलेल्या बाईनं हे सगळं बघितलं आणि ती खालूनच भांडं वर करून उभी राहिली. अम्माला तेही बरंच वाटलं.

मग गफूरचाचा आले. बाबांचे धाकटे भाऊ; बाबांना ते हसनभाई म्हणायचे. बरोबर सलीम आणि आणखी एक शेजारी. तिघं गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीनं माखलेले, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. कुदळी-फावडी त्यांनी फणसाच्या बुंध्याला टेकवून ठेवली.

"तिथंच," अम्मा दारातून म्हणाली. "तिथंच थांब गफूर. म्हैस बरी तुझ्यापेक्षा."

एरवी गफूरचाचा गप्प बसणारा माणूस नव्हता. दीर-भावजयीचं रोज वाजायचं आणि दोघांना ते गोड लागायचं. त्या दिवशी ते खाली बघत म्हणाले, "भाभी, जरा बोलायचं होतं."

"बोल की. आधी पाय धू, मग तोंड उघड. कुठं लोळून आलात एवढे?"

चाचांनी सलीमकडं बघितलं. सलीम म्हणाला, "पाण्याला वाट करून देत होतो, खाला. सारखं आत भरत होतं."

"बांध फुटला काय?"

"हां. तसंच."

"या दिवसांत कशाला खणत बसता? पाऊस ओसरू द्यायचा."

"थांबण्यासारखं नव्हतं," सलीम म्हणाला.

अम्मानं स्वतः तांब्या उचलला. गफूरचाचा पायरीवर उभे राहिले आणि ती वरून पाणी ओतत राहिली. "घास. नीट घास. बोटांच्या बेचक्यात बघ किती आहे. नखात बघ." पाणी लाल होऊन पायरीवरून खाली जात होतं. चाचा वाकून पाय घासत होते. लहान पोराचे पाय आई घासते तसं अम्मानं शेवटी तो जांभ्याचा तुकडा त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या टाचा घासल्या. चाचांचा हात भिंतीवर होता.  

तिघांनी पडवीत उभ्यानं चहा घेतला.

"काय बोलायचं होतं?" अम्मानं विचारलं.

"काही नाही. हसनभाईंचा फोन आला होता. घाट उतरली म्हणाले गाडी. दुपारपर्यंत येईल."

"मग सांग की हसून. मयताला आल्यासारखं तोंड काय करून बसलास?"

चाचांनी अर्धा चहा तसाच ठेवला. "येतो भाभी," म्हणाले आणि कुदळ उचलून पावसात चालू लागले. अम्मा कपातला उरलेला चहा खळ्यात ओतत मला म्हणाली, "याच्या घरात काहीतरी बिनसलंय. रात्री त्याच्या बायकोला, नूरजहाँला विचारते."

मी माजघरात बसून खोबरं खवत होते. अश्फाकभाईला सांदण आवडायचं. नारळाच्या रसात बुडवून तो एका बैठकीत ताट संपवायचा. चुलीवर मोदकपात्र चढलं होतं. अम्मानं नवी साडी नेसली, परत काढली, "आताच नेसले तर गाडी येईतो चुरगळेल" म्हणून जुनी नेसली, आणि एक कोरडं फडकं घेऊन गालिच्याच्या कडेला बसली. वरून एक केस पडला असेल तो उचलायला.

तेवढ्यात जैनबखाला आली. तिच्या काखेत दोन गुंडाळलेल्या चटया होत्या आणि मागं तिची सून, तिच्याही काखेत दोन. खालानं खालीच पाय धुतले, कोणी न सांगता. गोणपाटावर पुसले. उंबऱ्यात आली आणि गालिचा बघून थबकली.

"अंथरलास?"

"मग? आज नाही तर कधी?"

खाला अम्माकडं बघत राहिली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. मी तिला अम्माशी त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "हलीमा, उचलूया हा. नास होईल गो याचा. आता माणसं यायला लागतील. या पावसात कोणाकोणाला पाय धू म्हणून सांगशील?"

"माणसं पडवीत बसतील."

"आजच्या दिवशी कोणाला पडवीत बसवतेस?"

"आजच्या दिवशी काय झालं? लग्न थोडंच आहे आज? पोरगा दमून येणार. ज्याला बघायचंय त्यानं दारातनं बघावं आणि उद्या यावं."

खालानं सुनेकडं बघितलं. सुनेनं पदर तोंडाला लावला. खाला भिंतीच्या कडेनं पुढं आली, गुडघ्यांवर बसली आणि गालिच्याचं टोक उचलून गुंडाळायला लागली. सावकाश, तळहातानं आतली घडी दाबत, जसं तिचंच काही होतं.

"जैनब, काय करतेस?"

"करू दे मला. तू बस. तू काही करू नको आज."

"अगो, पण त्याचा पाय पडायचाय अजून त्याच्यावर."

"तू एवढा जपलास," खाला म्हणाली. गुंडाळता गुंडाळता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते खांद्याला पुसत होती, गालिच्यावर पडू नये म्हणून. "एवढा जीव लावून ठेवलास. लोकांच्या पायांखाली नको घालू. मी माझ्याकडं नेऊन ठेवते. चाळीसावं झालं की अंथर परत."

अम्मा हसत होती. ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, कोणी काढून घ्यायला विसरल्यासारखं.

"कोणाचं चाळीसावं?"

खालाचे हात थांबले.

"जैनब. कोणाचं?"

"गफूर येऊन गेला ना मघाशी?" खाला म्हणाली. "तो म्हणाला, मी जातो, मी सांगतो. आम्ही त्याला जाताना बघितलं, परत येताना बघितलं."

"चहा घेऊन गेला तो."

"काही बोलला नाही?"

"गाडी येतेय म्हणाला."

खालानं हात काढून घेतले. अर्धा गुंडाळलेला गालिचा आपोआप उलगडत गेला आणि पुन्हा सपाट झाला. खाला जमिनीवर बसली. "मला वाटलं तुला सांगितलंय," ती म्हणाली. "मला वाटलं, तू ऐकून असं करतेस. मला वाटलं, डोकं फिरलंय तुझं. हलीमा, मला खरंच वाटलं, तुला ठाऊक आहे."

मी माजघराच्या दारात उभी होते. हातात अर्धा नारळ होता. आम्हां दोघींना ते एकाच वेळी कळलं. गावात सगळ्यांत शेवटी, आम्हां दोघींना.

"कधी?" अम्मानं विचारलं.

"सोमवारी फोन आला."

"सोमवारी." अम्मा आठवत होती. "सोमवारी मी ह्यांना बांगड्याचं कालवण वाढलं. दोनदा मागून घेतलं."

 चुलीवर मोदकपात्राचं झाकण वाजत होतं.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"गावाला."

"हिला?" अम्मा माझ्याकडं वळली. मी मानेनंच नाही म्हटलं.  "एवढं तरी बरं," ती म्हणाली.

पुढं सगळं कळत गेलं. इमारतीवर काम करताना छातीत दुखलं, असं कंपनीनं सांगितलं. पंचविशीतल्या पोराच्या छातीत. कागदावर तसा शिक्का होता आणि शिक्क्याला उलट विचारायला आमच्यातलं कोण जाणार होतं? इकडं मशिदीत पुरुषांची बैठक बसली. बाईमाणूस आहे, तिचं बीपी आहे, मयत हातात येईपर्यंत तिला कशाला सांगा, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत बाबा होते. घरी येऊन ते जेवले. तिला एक अक्षर खोटं न सांगता त्यांनी तो आठवडा काढला. निघालाय, येतोय, मोठी गाडी केलीय. सगळं खरं. पुढं आयुष्यभर ते म्हणत राहिले, "तेवढे दिवस तरी ती आनंदात होती." ईदच्या बकऱ्यालाही ठेवतात तसं. मेंदी लावतात, चणे घालतात. तिचा मुलगा मेला होता आणि ते तिचं होतं, ते दुःख तिच्या मालकीचं होतं. ते तिच्यापासून लपवून या माणसांनी आपापसांत वाटून घेतलं. मी आज त्यांच्या वयाची झाले, तरी मला यात दया दिसत नाही.

अम्मा रडली नाही. ती उठली, भिंतीच्या कडेनं दारात गेली आणि पायरीकडं बघत राहिली.

"गफूरकडं कुदळ होती," ती म्हणाली.

खाला उठून तिच्या मागं आली.

"पाणी आत भरत होतं म्हणाला सलीम." ती पायरीवर उतरली. पावसानं पायरी कधीच धुऊन काढली होती. फटीत कुठं थोडा लाल गाळ अडकला होता. तो तिनं बोटानं टिपला. "ती माती तिथली होती, जैनब. मी ती घासून काढायला लावली. मी त्याला म्हैस म्हटलं."

"तुला काय ठाऊक, गो."

"नखांतली पण काढायला लावली."

तिनं बादली उचलून खळ्यात उपडी केली. गोणपाट ओढून फेकलं, फडकं फेकलं. दार मोकळं झालं. मग ती आत येऊन गालिच्याच्या पलीकडं, भिंतीशी बसली.

"उचलू मग?" खालानं हळूच विचारलं.

"हात लावू नको."

बायका येऊ लागल्या. मातीचे पाय घेऊन, पदर पिळत, एकेक करून. अम्मानं कोणाला काही सांगितलं नाही. तरी एकही बाई गालिच्यावर बसली नाही. भिंतीला धरून, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून, त्या कडेकडेनं बसत गेल्या. मग माजघर भरलं, पडवी भरली. कुराणातलं यासीन वाचायला सुरुवात झाली. मधे तो हिरवा गालिचा रिकामाच.

गाडी आली. मोठीच होती.

बाबा पुढून उतरले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यांनी दारात भरलेल्या बायका बघितल्या आणि त्यांना कळलं की सांगायचं काम उरलं नाही. मला त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. ते मी विसरले नाही.

पुरुषांनी पेटी खांद्यावर घेतली. लाकडी, लांबोडकी, पत्र्याच्या पट्ट्या मारलेली. वरचे कागद भिजून त्यांची शाई ओघळली होती.

"भाभी," गफूरचाचा खालूनच म्हणाले, "इथं पाच मिनिटं खळ्यात टेकवून सरळ कबरस्तानात न्यायचं ठरलंय. पेटी उघडायची नाही. तसं सांगितलंय त्यांनी."

"कोणी ठरवलं?"

चाचांनी मान खाली घातली.

"मी उघडा म्हणत नाही," अम्मा म्हणाली. "आत आणा."

ते फळ्यांवरून आले. सर्वांत पुढं सलीम होता, पाय पुन्हा गुडघ्यापर्यंत तांबडे. पायरीशी आल्यावर खांद्यावर ते वजन घेऊन तो सवयीनं बादली शोधायला लागला.

"बादली नाही," अम्मा म्हणाली. "तसाच ये. पण थांब जरा."

ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. पेटीकडं बघितलं. या टोकाकडून त्या टोकाकडं.

"त्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत?"

सलीमनं मागं बघितलं. मागच्यानं पुढं बघितलं. पेटी दोन्हीकडून सारखीच होती. सारखी रुंद, सारख्या पट्ट्या. मुंबईपासून इथपर्यंत ती इतक्या हातांनी उचलली, ठेवली, ढकलली. कागद तपासले गेले, सह्या झाल्या. आत माणूस कसा झोपलाय हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. पाऊस पेटीवर वाजत होता. 

"पहिला पाय त्याचा म्हणाले होते मी," अम्मा म्हणाली. रागानं नाही. समजावून सांगितल्यासारखं. "म्हणून विचारते."

"ह्या बाजूला," बाबा म्हणाले.

ते पुढं झाले आणि त्यांनी पुढच्या टोकावर हात ठेवला. "हे पाय. डोकं मागं."

त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांची मुलगी. खोटं बोलताना त्यांचा उजवा हात काहीतरी घट्ट धरतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आठवडाभर ज्या माणसानं एकही खोटा शब्द काढला नव्हता, त्यानं हा पहिला काढला, सगळ्या गावादेखत, मुलाच्या पेटीवर हात ठेवून. माझं तोंड उघडलं होतं. अम्माकडं बघून मी ते मिटलं.

अम्मा बाबांकडं बघत होती. बराच वेळ. मी त्यांना ओळखत होते, आणि ती तर माझ्याहून कितीतरी वर्षं जास्त.

"तुम्ही म्हणता तर तसंच," ती म्हणाली.

मग ती वाकली. पेटीच्या त्या टोकाखाली तिनं दोन्ही तळहात घातले आणि म्हणाली, "आधी एवढंच टेकवा. बाकीचं मागनं."

सलीम गुडघ्यावर बसला. टोक खाली आलं आणि हिरव्या गालिच्यात रुतलं.

"ये," अम्मा म्हणाली. "सावकाश ये. घाई नाही."

उरलेले पुरुष आत आले. त्यांचे पाय जिथं पडतील तिथं पडले. पेटी त्या बदामी फुलावर ठेवली गेली. अम्मा पायांच्या बाजूला बसली आणि लाकडावरून हात फिरवू लागली, वरून खाली, वरून खाली, लांबून चालत आलेल्या माणसाचे पाय चेपतात तशी. भिंतीकडच्या बायका एकेक करून पुढं सरकल्या आणि तिच्याभोवती, गालिच्यावर बसल्या.

बाबा उंबऱ्याबाहेर पावसात उभे होते. त्यांना कोणी आत बोलावलं नाही. मीही नाही.